गाडी खाली घेण्याआधी शॉकअप बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

होटगी रोडला माझं व्हील अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं दुकान आहे. यंदा २६ वर्षं झाली. पत्रबित्र लिहायची मला सवय नाही, पण एक प्रश्न महिन्यातून चार-पाच वेळा दुकानात येतो आणि त्याचं उत्तर रॅम्पखाली उभं राहून दोन मिनिटांत देता येत नाही. म्हणून आपल्या वृत्तपत्रात थोडी जागा मागतो.

परवा आसरा चौकाकडून एक तरुण आला. पांढरी हॅचबॅक, नव्या रिम, गाडी आरशासारखी पुसलेली. उतरल्या उतरल्या म्हणाला, "काका, चाक आणि फेंडरमधली ही फट बघवंना झालीय. लोअरिंग स्प्रिंग टाकू का कॉइलओव्हर?" मी विचारलं, गाडी किती फिरली? ७८ हजार किलोमीटर. शॉकअप कधी बदलले? तो माझ्याकडे बघतच राहिला. ते बदलायचे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी रॅम्पवर घेतली. मागच्या टायरवरून तळहात फिरवला. गुळगुळीत लागायला हवा, पण हाताला चढउतार लागत होते, सिमेंटच्या पत्र्यावरून हात फिरावा तसे. मग त्याचा हात धरून त्यालाही फिरवायला लावला. डाव्या शॉकअपच्या अंगावर तेल झिरपून त्याला धुळीचा काळा थर चिकटला होता. नखानं खरवडला तर खपली निघाली. म्हणजे गाडीचे शॉकअप कधीच संपले होते, चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी टणाटणा उड्या मारत होतं, आणि हा पोरगा वीस-पंचवीस हजार नाहीतर लाखभर रुपये घेऊन गाडी दोन बोटं खाली करायला निघाला होता.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. आपल्याकडच्या गाड्यांत शॉकअप वजन पेलत नाही. दबलेली स्प्रिंग उसळी मारते, त्या उसळीला लगाम घालणं हे त्याचं काम. आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक झडपांमधून जाताना ते अडतं आणि उसळीची ताकद तेल तापण्यात जिरून जाते. खड्ड्यातून निघालेली गाडी एकदा खालीवर होऊन गप्प बसली तर शॉकअप शाबूत. दोन-तीनदा डुलली तर त्याचा जीव गेलेला. स्प्रिंग आणि शॉकअप ही बैलजोडी आहे. एक बैल दांडगा आणि दुसरा थकलेला असेल तर नांगर सरळ चालत नाही.

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि कडक स्प्रिंग. शॉकअप तेच राहतात. नेमकी इथेच मेख आहे. कंपनीनं शॉकअप मऊ स्प्रिंगच्या मापानं बनवलेला असतो. कडक स्प्रिंग जास्त जोरानं उसळते आणि तिला आवरायला तो कमी पडतो. शिवाय गाडी ४० मिलिमीटर खाली बसली म्हणजे शॉकअपचा दांडा कायमचा तेवढा आत गेलेला राहतो, खाली दबायला जागा उरते कमी. दांड्यावरचा रबराचा बंप स्टॉप लवकर लागतो. त्या क्षणी गाडी स्प्रिंगवर नसते, रबराच्या ठोकळ्यावर असते. वळणावर तसं झालं तर चाकाची पकड एकदम सुटते. नवा शॉकअप हे काही दिवस सोसतो. ७८ हजार किलोमीटर फिरलेला नाही सोसत.

कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी जुळवून बनवलेले असतात. बॉडीवर आटे असतात, त्यावर फिरणारी चकती हुक पान्यानं वर-खाली केली की गाडीची उंची बदलते. चांगल्या संचात शॉकअपचा कडकपणाही टिकटिक करत बदलता येतो. वस्तू उत्तम आहे, यात वाद नाही. पण चकती आवळली की गाडी कडक होते, हा पोरांचा समज खोटा. साध्या एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगची चकती आवळली तर गाडी फक्त वर उचलली जाते, स्प्रिंगचा कडकपणा आहे तोच राहतो. दुसरं असं की चकती खाली नेऊनच उंची कमी होणारा संच घेतला तर दबायची जागा पुन्हा कमीच होते. ज्याचा खालचा भाग आट्यांवर वेगळा फिरतो, तो संच घेतला तर उंची बदलूनही शॉकअपची चाल शाबूत राहते. दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा, रंग कुठला आहे ते नंतर.

आणि आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, असला तरी मागं आडवा ॲक्सल असतो, स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे. म्हणजे चार कॉइलओव्हर म्हणून जे विकतात, त्यातले मागचे दोन खऱ्या अर्थानं कॉइलओव्हर नसतातच. ते वेगळे शॉकअप असतात, वेगळ्या स्प्रिंग असतात आणि स्प्रिंगखाली उंचीची चकती असते. यात फसवणूक नाही, गाडीची रचनाच तशी आहे. पण पैसे मोजणाऱ्याला हे माहीत हवं.

आता मला ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं ते सांगतो. स्प्रिंगलाही पैसे नाहीत आणि कॉइलओव्हरलाही नाहीत, अशी पोरं तिसरा रस्ता धरतात. कॉइल कापून घेतात. हे पाप मी स्वतः केलेलं आहे.

२००८ सालची गोष्ट. गल्लीतलाच कॉलेजचा पोरगा, त्याच्या वडिलांची जुनी गाडी. रोज येऊन मागं लागायचा. शेवटी मी मागच्या दोन्ही स्प्रिंगची दीड-दीड कॉइल ग्राइंडरनं कापून दिली. दीडशे रुपये घेतले. गाडी खाली बसली, पोरगा खूश झाला. तीन आठवड्यांनी तो बहिणीला घेऊन तुळजापूरला गेला. परतताना तामलवाडीच्या अलीकडे रस्त्याची कड खचलेली होती. डावं मागचं चाक कडेवरून उतरून लोंबकळलं. मूळ स्प्रिंग अशा वेळी थोडी दबलेलीच राहते, म्हणून जागा सोडत नाही. कापलेली स्प्रिंग आखूड असते. चाक लोंबकळलं की ती बैठकीत सैल होते. ती सरकली, चाक परत वर आलं तेव्हा तिरकी बसली, गाडीचं मागचं अंग फेकलं गेलं आणि गाडी बाभळीला जाऊन अडकली. पोराला खरचटलं. बहिणीचं मनगट मोडलं, आत प्लेट घालावी लागली. तिचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. मी दवाखान्यातून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईनं मला चहा दिला. कुणी एका शब्दानं बोललं नाही.

त्या स्प्रिंगचा कापलेला तुकडा मी अजून ठेवला आहे, वजनकाट्याशेजारच्या फळीवर. जिथं ग्राइंडर फिरला तिथं पोलादावर निळी-जांभळी झाक आहे. ती रंगाची नाही, तापल्याची खूण आहे. स्प्रिंगच्या पोलादाला जी ठराविक उष्णता देऊन ताकद आणलेली असते, ती तेवढ्या जागी मेलेली असू शकते. गॅस कटरनं कापली तर ही झाक आणखी आत जाते. शिवाय सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते, कारण वेटोळी कमी तितकी स्प्रिंग ताठ. म्हणजे जागाही गेली, उसळही वाढली आणि शॉकअप जुनाच. "नुसती एक कॉइल काप की मामा" असं जो म्हणतो, त्याच्या हातात मी तो तुकडा देतो. त्यानंतर आजवर एकही स्प्रिंग माझ्या दुकानात कापली गेलेली नाही. शहरात मात्र अजून कापतात, हे मला रोज रॅम्पवर दिसतं.

आखूड स्प्रिंग घ्यायचीच असेल तर ती त्या गाडीसाठी घडवलेली हवी. चांगल्या स्प्रिंगची एका टोकाची वेटोळी जवळजवळ असतात. चाक लोंबकळलं तरी ती ताण धरून स्प्रिंगला बैठकीत ठेवतात. कापलेल्या स्प्रिंगमध्ये आणि हिच्यात खरा फरक हाच आहे.

आता सोलापूरचं. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून साबूत दिसला तरी लाटा धरतो. मंगळवेढ्याकडे जाणाऱ्यांना या लाटा माहीत आहेत. गाडी साठच्या वेगानं जात असली तरी पोटात गोळा येतो. अशा रस्त्यावर कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉकअप म्हणजे लगाम सुटलेलं घोडं. शहरात नळाच्या आणि ड्रेनेजच्या खोदाईचे चर. बुजवतात, पण पहिल्या पावसात चार बोटं खाली जातात. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या चाकाखालच्या चाकोऱ्या. वर गाडीत सीएनजी, डिकीत साठ-सत्तर किलोची टाकी कायमची बसलेली. पेट्रोल गाडीच्या मापानं बनवलेली लोअरिंग स्प्रिंग अशा गाडीला मागं टाकली की ती दोन माणसांतच बंप स्टॉपवर टेकते. सीएनजीवाल्यांनी हा नाद करूच नये, असं मी स्पष्ट सांगतो.

कॉइलओव्हरचे वैरी म्हणजे आपली धूळ आणि चिखल. काळी माती आट्यांत शिरून वाळली की सिमेंट होते. गेल्या वर्षी एक संच माझ्याकडे उंची वाढवायला आला, दोन वर्षांत एकदाही धुतलेला नव्हता. तारेचा ब्रश, डिझेल, हातोडीचे हलके ठोके, सगळं करून झालं. दोन चकत्या निघाल्या, दोन आट्यांसकट गेल्या. लाखाची वस्तू. वर माउंटिंगला गोळीचा बेअरिंग असेल तर त्यात धूळ जाऊन वर्षभरात टक-टक सुरू होते. जो दर दोन महिन्यांनी चाकं काढून आटे साफ करणार आहे, चारही कोपऱ्यांची उंची पट्टीनं मोजणार आहे, कोइम्बतूरच्या कारी या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन गाडी पळवणार आहे, त्यानं कॉइलओव्हर जरूर घ्यावा. त्याच्या पैशाचं चीज होईल. नुसती फट मिटवायला घेऊन सगळ्यात खालच्या आट्यावर लावून ठेवणाऱ्यानं घेऊ नये.

मला विचाराल तर क्रम असा. पहिले पैसे शॉकअपला, बंप स्टॉपला, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशना आणि टायरला. ते मूळ कंपनीचेच टाका. निम्म्याहून जास्त पोरांची गाडी तेवढ्यानंच रस्त्याला चिकटून चालायला लागते आणि मग खाली घ्यायची हौस आपोआप थंडावते. तरीही हौस उरलीच तर नव्या शॉकअपबरोबर त्या गाडीसाठी बनवलेली स्प्रिंग, २५ मिलिमीटरच्या पुढं नाही. ४० वर गेलात की पुढचा लोअर आर्म चाकाकडे वर चढायला लागतो. मॅकफर्सनच्या गाडीत मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपेक्षा जास्त भराभर खाली सरकतो. पोरांना हे पटत नाही, पण फार खाली घेतलेली गाडी वळणावर जास्त कलायला बघते. ते कलणं दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. मग त्याला अंत नाही.

स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर बसवल्यावर लगेच एकदा आणि चारपाचशे किलोमीटर फिरल्यावर पुन्हा एकदा अलाइनमेंट केलीच पाहिजे, कारण नवी स्प्रिंग थोडी बसते. मशीनवर मी बघतो, पुढच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा झुकाव, उणे अर्ध्या अंशावरून उणे सव्वापर्यंत गेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडतो. टायर बाहेरून नवा दिसतो आणि आतली कड कापडाच्या धाग्यापर्यंत खाल्लेली असते. मालकाला ती उभ्यानं दिसतच नाही. हेडलाइटसुद्धा भिंतीसमोर लावून पुन्हा जुळवायचे. एवढं काम दोन हजारांच्या आत होतं आणि हेच लोक टाळतात.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून उंची बदलायची असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडला तर शॉकअपच्या शंभरपट पैसे जातात.

एक विनंती मात्र गाडीवाल्यांना नाही, रस्ते ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. माझ्या घराजवळच्या वळणावरचा गतिरोधक मी पट्टीनं मोजला. उंची १४ सेंटिमीटर, रुंदी ६०. कुणीतरी रात्रीत घमेल्यानं काँक्रीट ओतलेलं, पांढरा पट्टा नाही, फलक नाही.

या दोन मापांतला फरक शाळेतल्या भूमितीनं काढता येतो. हॅचबॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २४५ सेंटिमीटर अंतर असतं. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक चाकांच्या मधोमध आला तरी चाकंही त्याच्याच उतारावर चढलेली असतात, त्यामुळे पोटाखालची जागा तो फक्त साडेचार सेंटिमीटर खातो. आमच्या वळणावरचा मात्र पूर्ण १४ खातो, कारण चाकं तोवर सपाट रस्त्यावर उतरलेली असतात. गाडीच्या पोटाखालची मूळ उंची १६५ मिलिमीटर धरा. पाच माणसं आणि सामान भरल्यावर ती सहज ४० नं खाली बसते. उरली १२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे कसलाही बदल न केलेली, सहकुटुंब अक्कलकोटला निघालेली साधी गाडीसुद्धा तिथं पोट घासणार. गेल्या पावसाळ्यात त्या एका वळणावर इंजिनच्या तेलाचा चेंबर फुटलेल्या तीन गाड्या माझ्या दुकानात आल्या. तिन्ही कंपनीच्या मूळ उंचीच्या होत्या. एकात बाळंतीण होती.

पोरांनी गाड्या खाली घेऊ नयेत म्हणून मी सांगत राहीन, तो माझ्या धंद्याचा भाग आहे. पण नीट उंचीच्या गाडीलाही जिथून जाता येत नाही तो गतिरोधक माझ्या पान्यानं दुरुस्त होत नाही.

त्या पांढऱ्या गाडीचं सांगायचं राहिलं. चारही शॉकअप, दोन बंप स्टॉप, लोअर आर्मचे बुश आणि अलाइनमेंट, सगळं मूळ कंपनीचं टाकलं. पोरगा विजापूरला जाऊन आला आणि रविवारी मुद्दाम थांबला. "काका, गाडी बदलल्यासारखी वाटायलीय," म्हणाला. फट अजून त्याला खुपते. आरटीओत काय उत्तर मिळतं ते बघून २५ मिलिमीटरच्या स्प्रिंगचं ठरवू, असं दोघांचं ठरलंय. जाताना फळीवरचा तो तुकडा त्यानं हातात घेतला, निळ्या टोकावरून बोट फिरवलं आणि परत जागेवर ठेवला.

आमच्या वळणावरचा गतिरोधक मोजायला कुणी जबाबदार अधिकारी येणार असतील तर सकाळी नऊच्या आत यावं, नंतर शाळेच्या रिक्षा सुरू होतात. पट्टी आणि दोरी घेऊन मी तिथं हजर राहीन.

आपला नम्र वाचक,
एक व्हील अलाइनमेंट कारागीर,
होटगी रोड, सोलापूर